निःसंदिग्ध

ओरावानच्या इंग्रजीला प्रमाणपत्र मिळाले त्या दिवशी बंदराच्या नियंत्रण मनोऱ्यात केक कापण्यात आला. माणसाचा आवाज त्याच्याकडून काढून घेण्याच्या समारंभाला केक असावा, ही सुधारलेल्या जगाची रीत आहे. जुन्या काळी अशा प्रसंगी निदान मुंडण करीत.

थायलंडच्या आखातावरच्या या बंदरात ओरावान जहाजांशी रेडिओवर बोलण्याचे काम करी. घरी-दारी तिला ऑय म्हणत. ऑय म्हणजे ऊस. थाई माणसाला आईबाप पाळण्यातच असे एखादे तोकडे नाव देऊन टाकतात आणि पुढे मंत्री झाला तरी ते त्याला सोडत नाही. मनोऱ्याच्या काचेमागे बसून ऑय येणाऱ्या जाणाऱ्या जहाजांना खाडीतली वाट, वारा आणि अडथळे सांगे. हे सारे इंग्रजीत. समोर जपानी कप्तान असो की शेजारच्या गल्लीतला थाई वाटाड्या, नियम एकच. दोन थाई माणसे एकमेकांना भर वाऱ्यात इंग्रजीतून सावध करीत आहेत, हे दृश्य ज्याला हास्यास्पद वाटत नाही तोच आंतरराष्ट्रीय समितीवर नेमला जातो.

समारंभात उच्चार सुधारण्याचे यंत्र विकणाऱ्या कंपनीने दोन ध्वनिफिती ऐकवल्या. पहिली ऑयच्या जुन्या आवाजातली. बाहेर उभे असलेले एक जहाज आत येण्याची परवानगी मागते आहे, आणि ऑय म्हणते आहे, "प्रोसीड इफ यू कन्सिडर इट सेफ." म्हणजे, सुरक्षित वाटत असेल तर या. पण ते वाक्य सुरू होण्याआधीच एक लांब खोळंबा होता, प्रत्येक शब्द ओढत येत होता, 'सेफ'चा शेवट ओठातच बुजला होता आणि सूर अधांतरी लोंबकळत राहिला होता. मग दुसरी फीत. तेच वाक्य, नव्या आवाजात. स्वच्छ, सरळ, शेवटी ठाम खाली उतरणारे. टाळ्या पडल्या.

मागच्या रांगेत पांढऱ्या मिशांचा एक वाटाड्या कागदी बशीतला केक खात उभा होता. परक्या जहाजावर चढून ते बंदरात आणून लावणे हा त्याचा तीस वर्षांचा धंदा. नाव प्रसित. ऑयच्या वडिलांचा तो थोरला मित्र, म्हणून ती त्याला लुंग म्हणे, म्हणजे काका.

"त्या पहिल्या फितीतल्या जहाजावर मीच होतो," तो शेजारच्याला म्हणाला. "ते ऐकून थांबलो होतो मी. बरं झालं थांबलो."

शेजारचा टाळ्या वाजवत होता. त्याने ऐकले नाही.

*

यंत्र तसे साधे होते. टाळूला चिकटवायची पातळ पट्टी आणि गळ्याभोवतीची मऊ फीत. मनोऱ्यातले लोक त्या जोडीला 'कवळी' म्हणत. जीभ टाळूला कुठे, किती जोराने टेकते हे पट्टी पाही, स्वरयंत्राचे स्नायू कसे ताणले जातात हे फीत पाही, आणि चूक होण्याच्या बेतात असताना दोघी मिळून विजेचा इतका हलका चिमटा काढीत की तो जाणवतही नसे. जीभ मात्र जागेवर येई.

थाई माणसाची अडचण त्याच्या बुद्धीत नसते, त्याच्या भाषेच्या घडणीत असते. थाई शब्दाच्या शेवटी तोंड मिटते आणि श्वास आतच राहतो. 'स', 'ल', 'फ' तिथे टिकतच नाहीत. शिवाय थाईत सूर हा शब्दाचा असतो. सूर बदलला की शब्दच बदलला. इंग्रजीत सूर बोलणाऱ्याच्या मनाचा असतो. त्यामुळे थाई माणूस इंग्रजी बोलला की परक्या कानाला त्याचे मन कुठे आहे ते कळत नाही, आणि कळत नसले की परका कान त्याला मूर्ख ठरवून मोकळा होतो.

कवळीची खरी हुशारी पुढे होती. मेंदू जिभेला हुकूम सोडतो तेव्हा त्या हुकमाची एक नक्कल स्वतःजवळ ठेवतो आणि प्रत्यक्षात निघालेला आवाज तिच्याशी ताडून पाहतो. रोज हजारदा चिमटा बसला की मेंदू हळूहळू हुकूमच बदलतो. तीन महिन्यांनी कवळी काढून पेटीत ठेवायची. नवा उच्चार आता तुमचा, मग बोलणे कुठल्याही भाषेतले असो. ही खरोखर थोर विद्या होती, आणि थोर विद्येला कधीच न पडणारा प्रश्न तिलाही पडला नव्हता: बरोबर काय, हे ठरवायचे कुणी?

ठरवले होते ते कंपनीने. हजारो अनुभवी कप्तानांचे आवाज गोळा करून तिने एक मापदंड काढला आणि त्याला नाव दिले 'निःसंदिग्ध'. मापदंडात जे बसेना ते दोष. बुजलेला 'फ' हा दोष. बोलण्याआधीचा खोळंबा हाही दोष. लोंबकळता सूर हाही.

ऑयला पहिल्या महिन्यात आनंद झाला होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. नॉर्वेचा कप्तान तिला "पुन्हा बोला" म्हणेनासा झाला. पाळीप्रमुखाच्या जागेसाठी तिचे नाव पुढे गेले. त्या मनोऱ्यात त्या खुर्चीवर आजवर बाई बसली नव्हती.

फक्त आई बदलली. म्हणजे ऑयला तसे वाटले. आई किनाऱ्यावर जाळ्यांच्या मांडवांवर माकुळ वाळवून विकी. एका सकाळी ऑय तिला म्हणाली, "ऊन वाढलंय, सावलीत बस."

आईने हातातले माकुळ खाली ठेवले. "बसते. हुकूम कशाला सोडतेस?"

"हुकूम कुठे? काळजीनं म्हटलं."

"असेल." आईने तिच्याकडे पाहिले नाही. "तुझे बाबा नौदलात होते, तेसुद्धा घरात असे बोलत नसत. तू बोललीस की हल्ली मला उभं राहावंसं वाटतं."

ऑयने तेच वाक्य पुन्हा, हळू, ओढून म्हणायचा प्रयत्न केला. जीभ ऐकेना. वाक्य सुरू व्हायला हवे त्याच क्षणी सुरू झाले आणि संपायला हवे तिथे पायरी उतरल्यासारखे संपले. आई उठून सावलीत जाऊन बसली, शाळेतल्या मुलीसारखी.

*

थाई लोकांकडे क्रेंग जाय नावाची एक गोष्ट आहे. आपल्यामुळे दुसऱ्याच्या मनावर ओझे पडू नये म्हणून स्वतःला आवरून धरणे. आपला संकोच आणि आपली भीड एकत्र दळली तर त्याच्या जवळपास जाणारे पीठ मिळेल. फरक इतकाच की आपल्याकडे भीड ही भिकेची बहीण, आणि तिथे ती घरची लक्ष्मी. धाकट्याने थोरल्याला 'नाही' म्हणायचे नसते. थोरल्याने विचारले, "जाऊ का?" तर धाकटा क्षणभर गप्प राहतो, मग ओढत म्हणतो, "तुम्हांला बरं वाटत असेल तर..." आणि सूर वाऱ्यावर सोडून देतो. थोरला समजतो, हसून म्हणतो, "राहू दे, नंतर जाईन." नकार दिला जातो, घेतला जातो, आणि कुणाचीही मान खाली जात नाही. आपल्याकडच्या सुना सासऱ्यापुढे भांडे किंचित जोरात ठेवीत, त्यातलाच हा प्रकार. फक्त अधिक मुरलेला.

त्या मंगळवारी सकाळी मोटारी वाहून नेणारे एक जहाज खाडीच्या तोंडाशी उभे होते. ही जहाजे म्हणजे तरंगत्या भिंती; वारा त्यांना शिडासारखे ढकलतो. वाटाड्या होता लुंग प्रसित. आत, वळणाच्या पलीकडे, गाळ उपसणारी बोट नांगर टाकून काम करीत होती. तिच्यावर माणसे होती.

ऑयच्या समोरच्या पडद्यावर बाहेरच्या बांधावरचा वारा चढू लागला. दक्षिणेकडे पाण्याचा रंग शिशासारखा झाला होता. वाऱ्यापावसाची झड वळणापर्यंत पोचायच्या आत जहाज वळण पार करील की नाही? तिच्या हिशेबाने नाही.

"नियंत्रण कक्ष, आत येऊ का?" रेडिओवर लुंगचा आवाज आला. त्याने कवळी लावली नव्हती. निवृत्तीला टेकलेल्यांना सूट होती.

थांबा, असे तिला म्हणायचे होते. पण लुंगने तिला खांद्यावर बसवून पहिले जहाज दाखवले होते. त्याच्या जहाजावर परका कप्तान शेजारी उभा होता, आणि सगळे बंदर त्याच वाहिनीवर ऐकत होते. त्याला सर्वांदेखत 'नाही' म्हणणे म्हणजे त्याच्या मिशीला हात घालणे. तिने तेच केले जे तिच्या आईने, आजीने, कुठल्याही शहाण्या थाई बाईने केले असते. ती थांबली.

किंवा तिने थांबायला सुरुवात केली. जिभेने थांबू दिले नाही.

"प्रोसीड इफ यू कन्सिडर इट सेफ."

स्वच्छ, ठाम. 'सेफ'मधला 'फ' मेणबत्ती विझवावी तसा फुंकला गेला. तिने पुन्हा बटण दाबले. पण आता दुसरे काय बोलायचे? आधी या म्हणायचे आणि लगेच नको म्हणायचे, तेही थोरल्याला? "वारा चढतोय, सर," ती म्हणाली. तेही हवामानाच्या बातमीसारखे बाहेर पडले.

"पाहिला. धन्यवाद, निघालो," लुंग म्हणाला. त्याच्या आवाजात समाधान होते. पोरीची इतकी खात्री आहे तर मग काय!

झडीने जहाजाला वळणावर गाठले. काचेतून तिला ती पांढरी भिंत आडवी होताना दिसली, अगदी सावकाश, जणू कुणी दार लोटते आहे. गाळाची बोट त्या दारात सापडली. पाण्यात पडलेल्यांपैकी बुनसोंग नावाचा एक कामगार वर आला नाही.

*

चौकशी समितीपुढे मामला सोपा होता. रेडिओची त्या दिवशीची फीत उत्तम होती, इतकी उत्तम की कंपनीने ती पुढच्या जाहिरातीत वापरली नाही याचेच नवल. नियंत्रण कक्षाने निर्णय वाटाड्यावर सोपवला, वाऱ्याची सूचना दिली. वाटाड्याने धोका पत्करला. प्रसितचा परवाना गोठवला गेला, आणि पुढे सदोष मनुष्यवधाचा खटला दिसत होता. त्याला विचारले तेव्हा तो एवढेच म्हणाला, "ती या म्हणाली, मी आलो. तिची चूक नाही."

ऑयने कंपनीच्या ध्वनिशास्त्रज्ञ बाईंना गाठले. डॉक्टर मैत्रेयी उकिडवे. मूळच्या सांगलीच्या, बँकॉकमध्ये बारा वर्षे काढलेल्या. थाई लोक विद्वानाला आचान म्हणतात, तशी ऑयही म्हणे. बंदराच्या खानावळीत उकिडवेबाई भाताच्या पेजेत मिरची शोधत बसल्या होत्या.

"आचान, ती समारंभातली पहिली फीत. माझी जुनी. ती समितीला ऐकवता येईल?"

"ती आमच्या जाहिरातीत आहे. लपवायची म्हटली तरी आता लपवता येणार नाही." बाईंनी चमचा खाली ठेवला. "काय सिद्ध करायचं आहे तुला?"

"की मी नाही म्हटलं होतं."

"तू या म्हटलंस. मी ती फीत पुष्कळदा ऐकली आहे."

"मला नाही म्हणायचं होतं. माझ्या जुन्या आवाजात ते नाहीच झालं असतं. लुंग थांबले असते. एकदा थांबले होते."

उकिडवेबाईंनी पेजेची वाटी बाजूला सारली. मग म्हणाल्या, "मापदंड ठरत होता तेव्हा मी विचारलं होतं, की हा खोळंबा चूक कशावरून? माझ्या आजीच्या बोलण्यात निम्मा अर्थ खोळंब्यातच असायचा. बैठकीत सगळे हसले. एक जण म्हणाला, मैत्रेयी, आजीला जहाज चालवायचं नाहीये." त्या कोरडेपणाने हसल्या. "मी साक्ष देईन. माझी नोकरी जाईल, ते माझं मी पाहीन. पण तुझं काय होईल ते कळतंय ना? फीत मानली गेली तर प्रसित सुटतील. मग उरतेस तू. धोका दिसत होता, थांबवायचं होतं, आणि तरी 'थांबा' हा शब्द उच्चारला नाहीस. पाळीप्रमुख राहू दे, तुला पुन्हा रेडिओला हात लावू देणार नाहीत."

"कळतंय."

"घाबरली नाहीस?"

"खूप घाबरले आहे," ऑय म्हणाली. ते इतक्या खणखणीतपणे की शेजारच्या टेबलावरच्या खलाशांनी कौतुकाने वळून पाहिले.

*

समितीत तीन जण होते. अध्यक्ष थानोम, नौदलातून निवृत्त झालेले. सागरी कायद्याच्या एक मितभाषी प्राध्यापिका. आणि विमा कंपन्यांनी पाठवलेले तज्ज्ञ मिस्टर कॅलोवे, ज्यांनी सात देशांतले अपघात तपासले होते आणि त्यांतल्या एकाही देशाची भाषा शिकण्याची तसदी घेतली नव्हती. कामकाज इंग्रजीत चाले. बोललेले सारे एक यंत्र टिपून घेई आणि त्याचा सारांश भिंतीवरच्या पडद्यावर उमटे. हे यंत्रही त्याच कंपनीचे.

उकिडवेबाईंनी जुनी फीत लावली. अध्यक्षांचा हात चहाच्या पेल्याकडे निघाला होता. त्या लांब खोळंब्यात तो हवेत थबकला. सूर लोंबकळत राहिला तोवर तो तसाच राहिला, आणि फीत संपल्यावर रिकामाच मागे आला. प्राध्यापिकाबाईंनी मान वर केली होती. मागच्या बाकांवरचे वाटाडे एकदम स्तब्ध झाले.

मग अपघाताची फीत. अध्यक्षांनी पेला उचलला आणि घोट घेतला.

मिस्टर कॅलोवे यांनी दोन्ही वेळा डोळे मिटून ऐकले. "शब्द तेच," ते म्हणाले. "पहिल्यात उच्चार वाईट, दुसऱ्यात चांगला. डॉक्टर, आपल्या यंत्राचं अभिनंदन. पण अर्थात काहीही फरक नाही. अध्यक्षमहाराज, आपणही सहमत असाल."

अध्यक्षांनी पेला खाली ठेवला. ते थांबले. त्यांचे थांबणे सगळ्या खोलीभर पसरले.

"मिस्टर कॅलोवे यांचा अनुभव मोठा आहे," ते हळू म्हणाले. "त्यांना तसं वाटत असेल... तर..." आणि सूर वाऱ्यावर सोडून दिला.

त्या खोलीतल्या प्रत्येक थाई माणसाने स्पष्ट नकार ऐकला. मिस्टर कॅलोवे यांनी मान डोलावली. भिंतीवर अक्षरे उमटली: अध्यक्ष सहमत.

ऑयने पडद्याकडे पाहिले, मग अध्यक्षांकडे. त्यांनीही ते वाचले होते. त्यांच्या कपाळावर एक शीर उभी राहिली. पण पाहुण्याला सर्वांदेखत खोटे पाडायचे? ते काही बोलणार नव्हते. प्राध्यापिकाबाई अध्यक्षांच्या आधी बोलणार नव्हत्या. वाटाडे तर नाहीच. सर्वांना सत्य ठाऊक होते आणि सर्वजण सभ्य होते. बुनसोंग अशाच सभ्यतेत बुडाला होता, आणि आता प्रसितची पाळी होती. लुंग कोपऱ्यात गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. त्याने पडद्याकडे पाहिलेही नव्हते.

ऑय उभी राहिली. आधी परवानगी मागावी, नमस्कार करावा, नजर खाली ठेवावी, हे सारे तिला आठवत होते.

"अध्यक्षांनी नाही म्हटलं आहे," ती म्हणाली.

कंपनीच्या मापदंडावर शंभर टक्के उतरणारे वाक्य. खोलीत कुणी तरी श्वास आत घेतला. मिस्टर कॅलोवे प्रथमच तिच्याकडे नीट पाहू लागले.

"माफ करा?"

"ते आत्ता नाही म्हणाले. तुम्ही हो ऐकलंत, यंत्राने हो लिहिलं. त्या दिवशी मीही असंच नाही म्हणणार होते. माझ्या आवाजाने तुम्हांला हवं तसं हो म्हटलं. त्यांनाच विचारा."

अध्यक्षांची नजर तिच्यावर होती. त्या नजरेत राग होता, आणि रागाच्या तळाशी सुटका होती, आणि त्या सुटकेबद्दल ते तिला कधी क्षमा करणार नव्हते. त्यांनी खाकरून घसा साफ केला.

"हो," ते म्हणाले. "मी नाही म्हटलं होतं."

पडद्यावरचे यंत्र क्षणभर अडखळले. मग त्याने तेही लिहिले.

मिस्टर कॅलोवे यांनी ऑयला अखेरचा प्रश्न विचारला. "म्हणजे धोका आहे हे आपल्याला कळलं होतं, आणि तरी आपण थांबा म्हणाला नाहीत. याची खात्री आहे आपल्याला?"

खात्री? तिला आता कशाचीच खात्री नव्हती. कवळी नसती तर लुंग थांबला असता का? समुद्र कुणाच्या सुराची वाट पाहतो का? ती उघड नाही म्हणू शकली असती. आज म्हणाली तशी. मग त्या दिवशी का नाही?

"हो," तिचा आवाज म्हणाला. "पूर्ण खात्री आहे."

*

प्रसितवरचा खटला मागे घेण्यात आला. ऑयचा परवाना रद्द झाला. उकिडवेबाई सांगलीला परतल्या. कंपनीने दिलगिरी व्यक्त केली आणि वर्ष सरायच्या आत कवळीची नवी आवृत्ती बाजारात आणली. तीत 'सांस्कृतिक संकोच' ही सोय निराळे शुल्क भरून मिळे. ऑयने चौकशी केली तेव्हा तिला नम्रपणे सांगण्यात आले की जुन्या ग्राहकांच्या जिभेवर ती बसत नाही.

आता ती आईबरोबर माकुळ वाळवी आणि बोलण्याचे काम आईवर सोपवी. निवृत्त लुंग रोज सकाळी आपली छोटी होडी घेऊन जवळच्या खडकांशी गळ टाकायला जाई. जाताना मांडवापाशी थांबे. त्या दोघांत त्या अपघाताविषयी एक अक्षरही झाले नव्हते. एकदा ऑयने क्षमा मागून पाहिली होती. ते वाक्य प्रमाणपत्र दिल्यासारखे निघाले आणि दोघांनाही लाज वाटली.

त्या सकाळी दक्षिणेकडे पाणी शिशासारखे झाले होते. लुंगने होडीची दोरी सोडून हातात घेतली. त्याने आकाशाकडे पाहिले, मग तिच्याकडे.

"काय गं ऑय, जाऊ का?"

तिच्या जिभेवर उत्तर तयार होऊन आले, नेमक्या वेळी, घोटून घोटून गुळगुळीत केलेले. तिने दातांत जीभ धरली. उत्तर दातांवर आपटले. तिने आणखी जोराने चावा घेतला. तोंडात खारट चव आली. घशातले स्नायू हुकमाची वाट पाहत थरथरत होते आणि ती त्यांना तो देत नव्हती. मांडवावर माकुळ फडफडत होते. आईचा हात थांबला होता.

लुंग तिच्या चेहऱ्याकडे पाहत उभा राहिला. मग त्याच्या मिशा किंचित हलल्या.

"राहू दे," तो म्हणाला. "नंतर जाईन."

आणि त्याने वाकून दोरी पुन्हा खुंटाला बांधली.